शिवण बाहेरून

तान्ह्या लेकराचं जुन्या पद्धतीचं झबलं हातात घेतलं की ते उलटं घडी घातलेलं आहे असं वाटतं. कुशीच्या आणि बाहीच्या शिवणी बाहेर, दुमडलेल्या कडा बाहेर, दोऱ्याच्या गाठीसुद्धा बाहेर. सुलट करावं म्हणून हात आत घातला तर आत बोटाला काहीच अडत नाही. मऊ कापड सलग हाताला लागतं. तेव्हा उमगतं की झबलं उलटं नाहीच. शिवणारीनं कापडाची चांगली बाजू लेकराच्या अंगाला दिली आहे आणि शिवणीची बाजू बघणाऱ्यांना.

बाळंतविड्यातले कपडे समजून घ्यायचे तर मला हीच जागा सुरुवातीची वाटते. आपण कपडा डोळ्यांनी बघतो. झबल्याचा पहिला रसिक मात्र कातडी असते, आणि तीही आठ-दहा दिवसांची. तिला रंग कळत नाही, नक्षी कळत नाही. टोचणं तेवढं कळतं.

मी पालीत राहते. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरेचं धरण लागतं आणि बालाघाटाचे डोंगर जवळ यायला लागतात, तिथलं हे गाव. आमच्या घरच्या लोखंडी पेटीत एक जुना बाळंतविडा आहे: झबली, खणाची कुंची, हातभर लांबीची गोधडी, लोकरीचा स्वेटर आणि मोजे. शिवण आजीचं, विणकाम आत्याचं. घरातली किती लेकरं त्यातून मोठी झाली, आणि दर खेपेला तो धुऊन, उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला ठेवून पुन्हा बांधला गेला. एवढ्या धुण्यांनंतरही शिवणी शाबूत आहेत. आजी शिवण बाहेरून का घेते असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "लेकराला आतून मऊच लागाया पाहिजे. बघणाऱ्याचं काय, बघणारा बघंल अन् जाईल."

झबल्याचं कापड नवं नाही. नऊवारी लुगड्याचा, पदरापासून लांबचा, आतल्या घोळाचा तुकडा आहे. तिथं कापड विरलेलं नसतं पण मऊ पुरतं झालेलं असतं. नव्या सुती कापडाला मागावरची खळ असते. धुण्यामागून धुणं पडतं तशी ती निघून जाते, सुताचे सुटलेले बारीक तंतू झडतात, आणि कापड पाणी पटकन शोषायला लागतं. तान्ह्याच्या कपड्याला लागणारे हे सगळे गुण दुकानातल्या ताग्यात नसतात. वापरणाऱ्या बाईनं ते वर्षानुवर्षं अंगावर वागवून तयार केलेले असतात. अनेक घरांत बारशापर्यंत लेकराला नवं कापड घालत नाहीत. त्यामागं श्रद्धा आहे, दृष्टीची भीती आहे, पण कापडाची ही समजसुद्धा आहे, आणि मला ती श्रद्धेइतकीच जुनी वाटते.

कापणी पाहा. खांद्यावर शिवण नाही. कापड खांद्याशी दुमडलं आहे, म्हणजे पाठ आणि पुढचा भाग एकाच तुकड्याचे. बाह्या अंगाबरोबरच कापलेल्या. गळ्याला अगदी उथळ अर्धगोल, कारण तान्ह्याला मान अशी दिसतच नाही. पुढून पूर्ण उघडं, एक पदर दुसऱ्यावर येतो आणि कडेला बंद बांधायचे. डोक्यावरून कपडा ओढायचा नाही हा यातला पहिला विचार, कारण मान अजून धरलेली नसते. दुसरा विचार वाढीचा. पाचव्या महिन्याच्या आसपास लेकराचं वजन जन्माच्या दुप्पट होतं. अंगाला बेतून शिवलेला कपडा महिन्याभरात टाकावा लागेल. एकावर एक येणारे हे पदर आज चार बोटं एकमेकांवर चढतात, दोन महिन्यांनी दोन बोटं, पुढं कडेला कड लागते. बंद तेच राहतात, गाठ सरकत जाते.

माझा जीव सगळ्यात जास्त जडला आहे तो काखेतल्या तुकड्यावर. सरळ कापलेल्या अंगाला सरळ कापलेली बाही जिथं मिळते तिथं ताण येतो आणि कापड तिथंच फाटतं. आजीनं तिथं अंगठ्याएवढा चौकोनी तुकडा तिरका बसवला आहे. कापड उभ्या धाग्यात ताणत नाही, आडव्या धाग्यात फारसं ताणत नाही. तिरप्या अंगानं मात्र सुटतं. लेकरानं हात वर फेकला की हा तुकडा उघडतो, हात खाली आला की मिटतो. अंगरख्यात, बंडीत, कुडत्यात आपल्याकडे हीच युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. पण मोठ्यांच्या कपड्यात तिला जागा भरपूर असते. इथं अंगठ्याएवढ्या चौकोनाला चार बाजूंनी टाके घालायचे, चारही कोपरे टोकाला टोक लागून यायला हवेत, आणि कडा पुन्हा बाहेरच काढायच्या. आजीकडे कागदाचा बेत नव्हता. वीत, टीच, बोट ही मापं, आणि धावदोऱ्याचा बारीक टाका. ज्या ठिकाणी ताण आहे तिथं तिनं धावदोरा सोडून उलटी टीप घातली आहे. भिंगातून बघितल्यावर हा बदल दिसला, आणि तो बरोबर काखेपासून सुरू होऊन दोन बोटांवर संपतो.

संक्रांतीचं काळं झबलं वेगळं. बोरनहाणाला हलव्याचे दागिने त्याच्यावर चढतात, ते एका दुपारपुरतं असतं, त्यात शिवणारीला दाखवायची हौस असते. ते सुंदर दिसतं. पण रोजच्या झबल्याचं शहाणपण त्यात नसतं आणि त्याची गरजही नसते.

कुंचीला मात्र दोन्ही सांभाळावं लागतं. नवजात लेकराचं डोकं अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं. थंडी लागते ती तिथून. म्हणून डोकं, कान, मान आणि पाठ एकाच कपड्यात झाकायची. आणि पुन्हा बारशाला सगळ्या आयाबायांनी हे लेकरू बघायचं असतं, तेव्हा तो कपडा देखणाही हवा. एवढ्या दोन गोष्टी साधायला आजीनं वापरलं काय? एक घडी, एक शिवण आणि चुण्या.

कापड आहे चोळीचा खण. कर्नाटकात बदामीजवळच्या गुळेदगुड्डला हातमागावर हे खण विणले जात आले, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक आपल्याकडच्या बायकाच. खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतो. चोळीत तो काठ पाठीशी किंवा दंडावर येतो. कुंचीत तो कुठं आणायचा हा खरा प्रश्न, आणि त्याचं आजीनं दिलेलं उत्तर इतकं सोपं आहे की ते सुचायला मुरलेला हात लागतो. तिनं खण काठाला काठ लावून मधोमध दुमडला. घडी गेली पाठीमागे, दोन्ही काठ आले पुढे. वरची कापलेली कड एका सरळ रेषेत शिवली. झाली टोपी. आता लेकराच्या कपाळाशी दोन काठ एकमेकांना भेटतात आणि तिथून गालांच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. विणकरानं चोळीसाठी घातलेला काठ लेकराच्या तोंडाभोवती चौकट होऊन बसतो. कापडाला कात्री लागली ती फक्त खणाची लांबी बेतताना.

खणाची रुंदी तान्ह्याच्या डोक्याला जास्त होते. मागं मोठं टोक लोंबतं. ते कापून टाकता आलं असतं. आजीनं ते चुण्या घालून गोळा केलं आहे, बारीक चुण्यांची चक्री केली आहे आणि मध्ये काळ्या रेशमाचा गोंडा लावला आहे. लेकरू मोठं होईल तशी चक्रीची एक-एक चुणी सोडायची, टोपी वाढते. दोन लेकरांच्या वेळी ती सोडून पुन्हा घातल्याची खूण कापडावर आहे: जुन्या टाक्यांची भोकं ओळीत दिसतात. मानेपाशी आडव्या ओळीत चुण्या आहेत, त्यांतून गोफ ओवला आहे, आणि चुण्यांच्या खालचं कापड सुटं होऊन खांद्यांवरून पाठीवर पसरतं. कुंची घालायची पद्धतही कापणीतूनच ठरते. मांडीवर कुंची पसरायची, तिच्यावर लेकरू ठेवायचं, वरचा भाग डोक्यावरून पुढं घ्यायचा आणि गोफ बांधायचा. लेकराला उचलावं, वळवावं लागत नाही. झोपलेलं असेल तर जागंही होत नाही.

आणि शिवण? झबल्यासारखी बाहेर काढली तर खणाची शोभा जाते. आत ठेवली तर टाळूला लागते. शिवाय खणाची उलटी बाजू खडबडीत असते, नक्षीचे सुटे धागे तिथं तरंगतात आणि लेकराची नखं त्यांत अडकतात. म्हणून आतून जुन्या धोतराचं अस्तर आहे. खण आणि धोतर यांच्या कडा एकमेकांच्या पोटात वळवून शिवल्या आहेत, म्हणजे शिवण दोन कापडांच्या मध्ये गेली. बाहेरच्याला ती दिसत नाही, लेकराला ती लागत नाही. आजोबांचं धोतर टाळूशी आणि आजीचा खण लोकांच्या नजरेसमोर, अशी ही वाटणी झाली. कुंची करताना आजीनं असा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण घरात जे मऊ होतं ते आत गेलं आणि जे देखणं होतं ते बाहेर, एवढं खरं.

दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या त्या काळ्या गोंड्यापाशी मला जपानची आठवण होते. मोठ्या माणसाच्या किमोनोला पाठीवर मधोमध शिवण असते. तान्ह्याचा किमोनो एकाच पन्ह्याचा, म्हणून त्याच्या पाठीवर शिवण येत नाही. शिवणीचे टाके पाठ राखतात अशी तिथं समजूत होती. मग लेकराची पाठ कोण राखणार? म्हणून आया त्या कोऱ्या पाठीवर रंगीत दोऱ्यानं एखादी आकृती भरत. तिला म्हणतात सेमामोरी. कधी दोऱ्याची शेपटं मुद्दाम लांब सोडत, लेकरू आगीत पडायला लागलं तर देवाला धरून ओढता यावं म्हणून. शंभर घरांतून चिंध्या गोळा करून लेकराचा किमोनो शिवायचीही रीत तिथं होती. तसंच आपल्याकडेही लेकरू जगावं म्हणून त्याचं नाव भिकू, धोंडू, केरू ठेवत. कुंचीच्या मागं काळा गोंडा, सेमामोरीत रंगीत टाके. ज्या बाजूनं आईला लेकरू दिसत नाही, तिथं दोन्हीकडच्या बायकांनी दोऱ्याला पहाऱ्यावर बसवलं.

आता बाजारात कुंची पुन्हा आली आहे याचा मला आनंद आहे. खणाची, पैठणीच्या काठाची, नाव भरलेली कुंची लोक हौसेनं घेतात, बारशाचे फोटो त्यात निघतात. पण हातात घेऊन बघितल्यावर माझं मन खट्टू होतं. आत अस्तर नायलॉनसारखं घसरतं, घाम टिपत नाही. कपाळाच्या कडेला मोत्यांची ओळ असते, ती प्लास्टिकची, आणि लेकरानं मान वळवली की नेमकी कानाच्या पाळीला घासते. गोफाच्या जागी चिकटपट्टी, तिचे बारीक आकडे मानेच्या घडीत. कुंचीचं रूप आलं, पण कोणती बाजू कोणाला द्यायची हा विचार मागं राहिला. जिला घरी शिवायची आहे तिनं मोती लावावेत जरूर, पण चक्रीभोवती मागं लावावेत आणि रेशमी दोऱ्यानं दोनदा ओवून पक्के करावेत. उताणं झोपवताना कुंची काढून ठेवावी. गोफ बांधून दोन बोटं उरेल एवढाच ठेवावा. लांब गोफ देखणा दिसतो, पण मानेभोवती तो नकोच.

स्वेटर आणि मोजे आत्याचे. तिची वही पेटीतच आहे. आजीचं ज्ञान बोटांत राहिलं, आत्यानं आपलं कागदावर उतरवलं: "सु. 2, उ. 2" म्हणजे दोन सुलट दोन उलट, ओळींचे आकडे, मध्येच एखादी ओळ खोडून पुन्हा. घरात शिकायचं शिवण शाळेत शिकायचा विषय कसा झाला याची मराठी गोष्ट मोठी आहे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं 1909 साली सेवासदन उभं राहिलं, आणि शिवण हे बायकांना चार पैसे मिळवून देणारं शिक्षण ठरलं. 1930 साली किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघालं. आमचा मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. ते वारं इकडं यायला वेळ लागला. आत्या बीडच्या मुलींच्या शाळेत गेली तेव्हा ते आलं होतं. दोन पिढ्यांचे दोन हात एका गाठोड्यात शेजारी आहेत, आणि दोघींचं काम वेगळं ओळखू येतं. आजीच्या कामात टाक्यांची मोजणी नाही. आत्याच्या कामात प्रत्येक टाका मोजलेला.

सुयांवर विणलेल्या कापडाची गंमत अशी की त्यात लोकर कुठंही ताणून बसवलेली नसते. प्रत्येक टाका म्हणजे एक सैल वेढा, आणि ओढ लागली की तो शेजारच्याकडून थोडी लोकर उसनी घेतो. म्हणून स्वेटर अंगाबरोबर वाढतो. कडेला दोन सुलट दोन उलट अशी पट्टी आहे, ती रुंदीत ताणते आणि सोडली की परत मिटते. मनगटाला आणि घोट्याला तीच हवी. मोज्यात घोट्याच्या वर जाळीची एक ओळ आहे: धागा पुढे घ्यायचा, दोन टाके एकत्र विणायचे, की एक नेमकं भोक पडतं. टाक्यांची संख्या तीच राहते. भोकांच्या त्या ओळीतून लोकरीचा गोफ. हा मोजा दोन सुयांवर सपाट विणून मग जोडलेला आहे, आणि जोड आला आहे तळपायाखाली. मोठ्या माणसाच्या मोज्यात असा जोड कुणी ठेवणार नाही, दोन पावलांत टोचेल. हे पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत. आत्यानं शिवणीसाठी लेकराच्या अंगावरची अशी एकच जागा शोधली, जिथं अजून काही महिने भार पडणार नव्हता. वहीत त्याबद्दल एक शब्दही नाही.

तरी एक खरं सांगते, बाळंतविड्यात सगळ्यात जास्त कौतुक स्वेटरचं होतं आणि वापर त्याचाच सगळ्यात कमी. आमच्याकडे थंडी कडक असते पण थोड्या दिवसांची. दुपारी ऊन चटका देतं. खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही कोरडी लागते. आता बाळासाठी म्हणून मिळणारी बहुतेक "लोकर" ॲक्रिलिकची असते. ती घाम घेत नाही आणि चुलीजवळ तर नेऊच नये. विणायचं असेल तर सुताच्या दोऱ्याचं टोपडं विणावं, ते पालीत आठ महिने चालतं.

गोधडीबद्दल थोडंच, कारण गोधडीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तान्ह्याची गोधडी मोठीसारखी जड नको, लुगड्याचे दोन थर आणि मध्ये धोतराचा एक एवढीच. इथं शिवण लपवायचा प्रश्नच उरत नाही. सगळी गोधडी शिवणच आहे. धावदोऱ्याच्या ओळी इतक्या जवळ की थर एकमेकांपासून सरकतच नाहीत, आणि टाका इतका सारखा की उलट-सुलट ठरवता येत नाही. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका अशीच गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. तिच्या चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत, तोवर ती त्यांना उघडी वाटते. आजीच्या गोधडीला फुलं नाहीत, पण चारही कोपऱ्यांत लाल खणाचे त्रिकोण आहेत, कुंची करून उरलेले.

या पेटीबाहेरचं एक झबलं सांगायचं राहिलं. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. लेकरं बरोबर जातात, कोपीत म्हणजे झोपडीत राहतात. फडावर उसाचं पातं अंग कापतं म्हणून बाया लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. हंगाम संपेपर्यंत तो शर्ट उन्हात, घामात आणि धुण्यात मऊ होऊन जातो. अशाच एका चौकड्याच्या शर्टाचं झबलं मी गावात पाहिलं. शिवणारीनं शर्टाची पुढची पट्टी तशीच ठेवून झबल्याचं उघडं तिथंच आणलं होतं, म्हणजे दोन कडा दुमडून शिवायचं काम वाचलं. बाही शर्टाच्या मनगटाकडून घेतली होती, तिथं ती आधीच अरुंद असते. खांद्याला शिवण नव्हती, काखेत तिरका तुकडा होता, कडा सगळ्या बाहेर. गुंड्या तिनं काढून टाकल्या होत्या, लेकरू तोंडात घालील म्हणून. काजं मात्र बुजवली नव्हती. त्याच शर्टाच्या कापडाचे बंद करून तिनं ते काजांतून ओवले होते.